बर्फावरचा हात

पहाटे ४.४५

डोळे उघडले की आधी मोबाईलवर दोन आकडे बघतो. सुरत १५ अंश. काझा उणे १९. गेले दहा दिवस हा नेम झालाय.

माझं गॅरेज उधन्यात, घर डिंडोलीत, गाव साक्री तालुक्यात. दर जानेवारीत मात्र जीव अडकलेला असतो हिमाचलात, किन्नौर-स्पितीच्या रस्त्यावर. चार हिवाळे मी मोटारसायकलवाल्यांबरोबर मेकॅनिक म्हणून तिकडे गेलोय. हे पाचवं वर्ष. सहा गाड्या, सहा चालवणारे, आणि मागून सामानाची पिकअप घेऊन मी. आज रात्री गाड्या रेल्वेच्या पार्सलला द्यायच्या, अंबाल्यापर्यंत. तिथून पुढं चाकांवर: शिमला, नारकंडा, रामपूर, रिकाँग पिओ, नाको, काझा. हिवाळ्यात मनालीकडून काझाला जाता येत नाही, कुंजुम खिंड बर्फानं बंद असते. किन्नौरचा रस्ता तेवढा वर्षभर बहुतेक चालू राहतो.

बायकोनं चहा दिला आणि म्हणाली, "आज तरी वेळेवर जेवा." मी हो म्हटलं.

पहाटे ५.४५

ओलपाडच्या बाजूला ओळखीच्या एका शेतकऱ्यानं रानाचा एक कोपरा आम्हाला दिलाय. काल संध्याकाळी त्यानं तिथं पाणी सोडून ठेवलं होतं. काळी माती भिजली की काय होतं हे खानदेशातल्या माणसाला सांगावं लागत नाही. वरून चकचकीत, खाली घट्ट, आणि मधे बोटभर लोणी. सुरतेत बर्फ कुठून आणायचा? त्याच्या सगळ्यात जवळचं जे आहे ते हे.

शिकवायला मी दोन जुन्या शंभर सीसीच्या गाड्या ठेवल्यात, गुळगुळीत टायरांच्या. सहा जण अंधारातच येऊन थांबलेले. भटारची एक फिजिओथेरपिस्ट, वराछाचा हिरे घासणारा, बँकेतला एक, शाळेतले एक सर, आणि एम्ब्रॉयडरीचं युनिट चालवणारे लिंबायतचे दोघे सख्खे भाऊ. मराठी मला आप्पा म्हणतात, गुजराती काका.

मी त्यांना पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट सांगतोय. आपला हात सुरतेचा आहे. रिंग रोडवर गाडी चालवणाऱ्याचा उजवा हात सतत काहीतरी करत असतो. रेस, ब्रेक, रेस, ब्रेक. रिक्षा आडवी आली, कापडाच्या गाठींनी भरलेला टेम्पो उलट्या बाजूनं आला, की दोन बोटं आपोआप पुढच्या ब्रेकवर जातात. त्या दोन बोटांनी इथं आपला जीव कितीदा वाचवला असेल, मोजदाद नाही. बर्फावर तीच दोन बोटं माणसाला पाडतात. पुढचं चाक अडकलं की काय झालं हे कळायच्या आत आपण खाली असतो. एकदम रेस सोडली तरी तेच, इंजिन मागच्या चाकाला धरून ठेवतं आणि गाडी शेपटी फिरवते. बर्फाचा पट्टा आला की हातानं काही करायचं नाही. वेग आधीच कमी केलेला हवा, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, रेस एका जागी धरलेली, दोन्ही पाय जमिनीपासून चार बोटं वर. गाडी सरळ, नजर लांब, आणि पट्टा संपेपर्यंत श्वास चालू ठेवायचा. हे शेवटचं मी मुद्दाम सांगतो, कारण श्वास रोखला की खांदे ताठतात आणि ताठ खांदे हँडल ओढतात.

हिरे घासणाऱ्या पोराला हे पहिल्याच दिवशी जमलं. मी विचारलं, कसं रे? तो म्हणाला, "काका, घंटी पर आवुंज छे." त्याच्या कारखान्यात एका घंटीभोवती चौघं बसतात, मधे लोखंडी सरण फिरत असते, आणि हिरा तिच्यावर टेकवायचा तो नुसता टेकवायचा. जोर दिला की माल गेला. जोर द्यायचा नाही, हे त्याच्या बोटांना आधीपासूनच ठाऊक आहे. आज तो चिखलाच्या पूर्ण लांबीतून गेला आणि चाकाची खूण दोरीनं आखल्यासारखी सरळ उमटली. मी सगळ्यांना ती बघायला बोलावलं.

दोघा भावांतला धाकटा पाच वेळा पडला. प्रत्येक वेळी तसाच. मागचं चाक जरा सरकलं की बोटं ब्रेकवर. मी लिव्हरला चिंधी गुंडाळून दिली, बोट लागलं की त्याला जाणवावं म्हणून. सहाव्यांदाही चिंधी दाबली गेली.

सकाळी ८.४०

गॅरेजसमोर चार गिऱ्हाइकं उभी. चौघांनाही एकच पाहिजे: तार.

उत्तरायण आठवड्यावर आलीय. हँडलच्या दोन टोकांना धरून डोक्याच्या वरून कमान करणारी लोखंडी सळई या दिवसांत सुरतेच्या निम्म्या दुचाक्यांवर दिसते. आकाशातून तुटून आलेला मांजा रस्त्यावर आडवा लोंबतो, काचेची पूड लावलेला, आणि समोरून येणाऱ्याला तो दिसतच नाही. गळ्याला लागतो तेव्हाच कळतो. सणाच्या दिवशी पोलीस उड्डाणपूल दुचाक्यांना बंद करतात ते यासाठीच. बर्फाच्या गाड्या आत खोळंबल्या होत्या, तरी मी ही चार कामं आधी केली. एकाच्या स्कूटरवर पुढं पाच वर्षांचं पोर उभं राहतं. त्याची सळई मी नेहमीपेक्षा पुढं घेतली आणि दोन्हीकडून क्लिपा आवळल्या.

मांजा बघितला की मला सावलीतला बर्फ आठवतो. तिकडे रस्त्यावरचा खरा धोका पांढरा नसतो, पांढरा बर्फ तर लांबूनच दिसतो. धोका असतो तो डांबराच्या रंगाचा: दिवसा कड्यावरून पाणी रस्त्यावर उतरतं, ऊन गेलं की काचेसारखं पातळ गोठतं, आणि बघणाऱ्याला वाटतं रस्ता नुसता ओला आहे.

सकाळी ९.३०

आता सहा गाड्या. गॅरेजचे दोन्ही पोरगे हाताशी. सकाळभर दुसरं काही घ्यायचं नाही असं ठरलेलं.

दोन गाड्या पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनाच्या. पहिलीचा कूलंट बाटलीत काढला आणि उजेडासमोर धरला. हिरवागार हवा तो सरबतात पाणी वाढवल्यासारखा फिका. कुठल्यातरी सर्व्हिसिंगला साधं पाणी घालून पातळी भरलेली. सुरतेत अशी गाडी वर्षानुवर्षं चालेल, कुणाला पत्ताही लागणार नाही. काझात पहिल्याच रात्री रेडिएटर जाईल. पाणी गोठताना जवळपास नऊ टक्के फुगतं, आणि रेडिएटरच्या नळ्यांची भिंत बोटानं दाबली तर चेपेल इतकी पातळ. सगळं काढून टाकलं, दोनदा धुतलं, अर्धं ग्लायकॉल आणि अर्धं डिस्टिल्ड वॉटर घातलं. हे मिश्रण उणे ३५ पर्यंत दगा देत नाही. मीटरवर तपासलं आणि टाकीवर खडूनं तारीख लिहिली.

मग बॅटऱ्या. बॅटरीचा खरा शत्रू थंडी, असं सगळे धरून चालतात. माझ्या मते तो मान सुरतेच्या मे महिन्याला द्यावा. इथल्या उकाड्यात ती आतून झिजते, पण सकाळी गाडी गरम हवेत उभी असल्यामुळं सेल्फ मारला की उठते. शून्य अंशाला बॅटरीची पाचव्या हिश्श्याएवढी ताकद जाते, उणे १८ ला निम्मी. तेव्हा झीज उघडी पडते. शिवाय पूर्ण भरलेल्या बॅटरीतलं ॲसिड उणे ५० लाही गोठत नाही, पण उतरलेली बॅटरी उणे १० च्या आसपास गोठून फुटू शकते. म्हणून आमचा नियम असा की काझात रात्री बॅटरी काढायची आणि खोलीत न्यायची, तान्ह्या पोरासारखी गोधडीत गुंडाळून. सहापैकी दोन बॅटऱ्या मी आज नापास केल्या. बँकेतला म्हणाला, "आप्पा, सहाच महिने झालेत घेऊन." मी त्याला लोड टेस्टरचा काटा दाखवला. तो नवी आणायला गेला.

ऑइलच्या डब्यावर दहा डब्ल्यू, पंधरा डब्ल्यू, वीस डब्ल्यू असं असतं, त्यातला डब्ल्यू म्हणजे हिवाळा हे फार कमी लोकांना माहीत असतं. आकडा जितका लहान तितकं ऑइल थंडीत लवकर वाहतं. गाडीच्या पुस्तकात जेवढी मुभा दिलीय तेवढ्यात मी खालचा आकडा घेतो, त्याच्या बाहेर जात नाही.

यानंतर जे काम करतो ते दिसायला क्षुल्लक आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं. केबल. क्लचची आणि रेसची. गाडी प्रेशरच्या पाण्यानं धुतली की एखादा थेंब रबराच्या टोपीखालून आत शिरतो आणि तारेच्या पिळात बसून राहतो. सुरतेत तो कधीच वाळतो. किन्नौरात पूहच्या पुढं सकाळी तोच थेंब खडा होतो आणि रेस अर्ध्यावर अडकते. हात सोडला तरी इंजिन ओरडत राहतं, खाली सतलज. म्हणून प्रत्येक केबल सुटी केली, उभी टांगली, वरच्या तोंडाला कागदाचा शंकू लावला आणि पातळ तेल सोडलं. खालून आधी काळपट थेंब आले, मग तांबूस, मग स्वच्छ. एका केबलमधून तिसऱ्या थेंबाबरोबर पाण्याचा मणी बाहेर आला. तेलात तो वेगळा दिसतो, चकाकतो. धाकट्या पोराला बोलावून दाखवला. हे एकदा डोळ्यांनी बघितलेलं बरं, सांगून लक्षात राहत नाही. ती केबल मी फेकली आणि नवी घातली.

हवा शेवटी. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की टायरातली हवा साधारण एक पौंडानं उतरते. सकाळच्या दोन आकड्यांत ३४ अंशांचा फरक होता, म्हणजे इथं भरलेल्या हवेतली सहा पौंड कुणीही न काढता तिकडे कमी होणार. गेज प्रत्येकाच्या खिशात हवं, आणि हवा रोज सकाळी गाडी हलवण्याआधी बघायची.

दुपारी १.३०

डबा उघडला. कळण्याची भाकरी, ठेचा, मेथी. पोरांनी अडाजणहून पोंक आणलेला, म्हणजे आपला हुरडा, सोबत लिंबू-मिऱ्याची शेव. सुरतेचा हिवाळा म्हणजे पोंक.

जेवताना शाळेतल्या सरांनी विचारलं, "आप्पा, तुमच्याबरोबर कुणाला लागलंय का कधी?" मी टाळत नाही. सांगितलं.

तिसऱ्या वर्षी, परतीच्या वाटेवर. काझाहून सकाळी निघालो, ताबोला थांबलो. ताबोचा मठ सन ९९६ चा, मातीच्या भिंती, आतली चित्रं अंधारात हळूहळू दिसू लागतात. पोरांना तिथून निघवेना. मलाही. एक तास जास्त गेला, आणि निघायचा इशारा द्यायचं काम माझं होतं. चांगो सोडलं तेव्हा चार वाजून गेले होते. मलिंग नाल्यापाशी ऊन डोंगरामागं गेलं होतं. दुपारी वाहणारं पाणी नुकतं गोठलेलं. शून्याच्या जवळचा बर्फ सगळ्यात निसरडा, उणे वीसचा कोरडा बर्फ त्यापेक्षा बरा पकडतो. पुढच्याला वाटलं रस्ता ओला आहे. मधोमध गेल्यावर त्याला कळलं आणि बोटं ब्रेकवर गेली. गाडी दरीकडे सरकली, तो डोंगराकडे. उलटं झालं असतं तर मी आज हे काम करत नसतो. गळपट्टीचं हाड मोडलं. पिकअपमध्ये त्याला माझ्या खांद्याला टेकवून बसवलं आणि रात्रीतून पिओला नेलं. प्रत्येक वळणाला तो दात आवळायचा, पण ओरडला नाही. माझ्यावर रागावलाही नाही. मला ते जास्त लागलं.

तेव्हापासून माझं घड्याळ ठरलंय. सकाळी दहाच्या आधी चाक हलवायचं नाही, कारण त्या घळीत ऊन उशिरा उतरतं. दुपारी तीनला मुक्कामी पोचलेलं असायचं. दिवसाला पाच तास, त्यात जेवढं होईल तेवढं. कुणी म्हणतं, सुरतेहून एवढ्या लांब येऊन दिवसाला ऐंशी किलोमीटर? मी म्हणतो, हो, ऐंशीच.

दुपारी २.४५

लिंबायतच्या शिंप्याकडे. गुजरात्यांना कापड विकणारं शहर ठाऊक, मला कापड शिवणारी गल्ली ठाऊक. हँडलवर बसणारे मोठे बाह्यांसारखे मोजे मी इथं शिवून घेतो: बाहेरून रेक्झिन, मधे पॉलिएस्टरचा फायबर, आत फर. हातात पातळ मोजा घालायचा आणि पूर्ण हात या खोळीत सरकवायचा. दुकानातल्या जाड हातमोज्यांवर माझा विश्वास नाही. ऊब मिळते, पण लिव्हर बोटांना जाणवत नाही, आणि बर्फावर न जाणवणारं बोट म्हणजे नसलेलं बोट. उणे ५ अंशांत ताशी ४० किलोमीटरनं गेलं तर उघड्या कातडीला ती थंडी उणे १४ सारखी लागते. फिजिओथेरपिस्ट बाई सोबत आली होती. तिनं स्वतः हात घालून बघितले, मनगट वळवलं, आणि शिंप्याला तोंडाशी दोन बोटं जागा वाढवायला सांगितली, पडताना हात चटकन बाहेर यावा म्हणून. हे मला चार वर्षांत सुचलं नव्हतं.

२०१९ साली सुरतच्या डॉ. सारिका मेहता, जिनल शहा आणि रुताली पटेल या तिघी वाराणसीहून लंडनपर्यंत मोटारसायकलवर गेल्या. ही फिजिओथेरपिस्ट तेव्हा कॉलेजात होती. पेपरात फोटो बघून तिनं गाडी शिकायला घेतली, असं ती सांगते.

आतल्या कपड्यांवरून मात्र सगळ्यांशी माझा वाद होतो. सुती बनियन नको. चेन चढवताना, गाडी ढकलताना माणूस घामाघूम होतो, सूत घाम धरून ठेवतं आणि मग तोच घाम अंगावर गार होतो. लोकर चांगली, नाहीतर आपल्या सुरतेचं पॉलिएस्टर. त्यावर सुती काही नको, आणि सगळ्यात वर वारा अडवणारं कापड.

वारा अडवायला मी शिकलो तो कोंडाईबारीच्या घाटात. लग्नानंतरची पहिली दहा-बारा वर्षं गावी जायचं ते मोटारसायकलनंच. पुढं टाकीवर मोठा, मागं बायको, तिच्या मांडीवर धाकटी. कडोदरा, बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, आणि मग घाट. डिसेंबरच्या पहाटे घाटात धुकं असं की पुढच्या ट्रकचा लाल दिवा हाच रस्ता. स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी घालायचो. नवापूरच्या टपरीवर चहा पिताना ती घडी काढली की कागद गरम लागायचा. आजही उधन्यातले शेकडो संसार सणाला असेच निघतात. लांबचा प्रवास म्हणजे काय ते आम्हाला कुणी वेगळं शिकवलं नाही.

दुपारी ४.३०

उद्योगनगरातला वेल्डर. टायरच्या चेना. दोन लांब कड्यांच्या साखळ्या टायरच्या दोन्ही अंगांना, आणि त्यांच्यामधे शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे तुकडे. मागच्या चाकाला नऊ पायऱ्या घेतो. अडचण येते ती चिमट्यात, म्हणजे मागचं चाक ज्यात बसतं त्या दोन दांड्यांत. चाक फिरताना साखळी बाहेर फेकली जाते. मोकळं अंतर बोटभर तरी नसेल तर ती चिमटा घासते, नाहीतर गुंडाळली जाऊन चाकच अडकवते. आज चार गाड्यांना सरळ बसली. पाचवीला कडी एक नंबर बारीक घेतली. सहावीचा मडगार्ड खालून कापावा लागला, मालकाला विचारून.

चेन बांधून वीस-पंचवीसच्या वर जायचं नाही, आणि कोरडं डांबर आलं की उतरवायची. हे चढवणं-उतरवणं दिवसातून चारदाही होतं, उघड्या हातांनी. पोरं कंटाळतात. मी कंटाळू देत नाही.

जर्मनीत १९५६ पासून भर हिवाळ्यात मोटारसायकलवाल्यांचा मेळा भरतो, एलेफांटनट्रेफन नावाचा. बर्फातून गाड्या हाकत लोक येतात आणि तंबूत राहतात. बरेच जण साइडकार लावून येतात, तीन चाकं पडत नाहीत म्हणून. आमच्या किन्नौरच्या रस्त्याला समोरून लष्कराचा ट्रक आला की तिसऱ्या चाकाला जागा कुठं राहते?

संध्याकाळी ६.१५

गॅरेजमध्ये सगळे बसले. मी यादी वाचली, नकाशा दाखवला. गाड्यांमधे अंतर किती, बर्फाचा पट्टा एकेकानं कसा पार करायचा, पहिला पलीकडे थांबून हात वर करेपर्यंत दुसऱ्यानं निघायचं नाही. चाकांनी घासून गुळगुळीत झालेली वाट सोडायची आणि कडेचा भुसभुशीत बर्फ धरायचा, तो पकडतो. डोकं दुखलं, मळमळलं तर लपवायचं नाही, काझा ३,८०० मीटरच्या आसपास आहे.

मग मी लिंबायतच्या धाकट्याला बाहेर घेऊन गेलो. दिवसभर हे मनात घोळत होतं. म्हटलं, "तू यंदा गाडी चालवायची नाहीस. पिकअपमध्ये माझ्याजवळ बसायचं."

तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "आप्पा, मी गाडी कर्ज काढून घेतलीय. दोन महिने झोप नाही लागली मला."

"माहीत आहे."

"सकाळी चुकलं. तिकडे नाही चुकणार."

"तिकडे चुकलं तर मला तुझ्या आईला फोन करावा लागेल. तो फोन मी एकदा केलाय, दुसऱ्याच्या आईला. हाड मोडल्याचाच होता, तरी माझा आवाज फुटत नव्हता."

त्याचे डोळे भरले. त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याला सांगितलं की परत आल्यावर दर रविवारी ओलपाडचं रान त्याचं. पुढच्या हिवाळ्यात कडाका पडला की आपण दोघं अक्कलकुव्यावरून मोलगीकडे, डाबला जाऊ. सातपुड्यात तिथं काही वर्षी पहाटे दव गोठतं, गवतावर मिठासारखं बसतं. आपला घरचा बर्फ आहे तो. पहिला हात तिथं फिरवू. थोरला भाऊ दारात उभा राहून ऐकत होता. तो फक्त म्हणाला, "बराबर शे, आप्पा."

पाच गाड्या जाणार. सहावी गॅरेजच्या मागच्या भिंतीला लावली आणि तिच्यावर ताडपत्री टाकली.

रात्री ८.३०

पार्सल ऑफिसच्या आवारात. रेल्वेत गाडी चढते ती कोरड्या टाकीनं. नळी लावून पाचही गाड्यांचं पेट्रोल कॅनमध्ये काढलं, मग इंजिन चालू ठेवून पाइपात उरलेलंही जाळलं, शेवटी गाडी दोन आचके देऊन बंद पडेपर्यंत. टाकी उघडी ठेवून वाफ जाऊ दिली. आरसे उतरवले. टाकी, हेडलाइट, हँडल तरटात गुंडाळून सुतळीनं शिवले. आरसी बुकाची प्रत, ओळखपत्र, आणि पत्र्याच्या पट्टीवर रंगानं नाव आणि स्टेशन. हिरेवाल्यानं स्वतःच्या गाडीची सुतळी स्वतः शिवली, बारीक सारख्या टाक्यांत, आणि मग बाकीच्यांच्याही शिवून दिल्या.

हमालांनी गाड्या आत ढकलल्या. पाच तरटाच्या आकृत्या कापडाच्या गाठींशेजारी उभ्या राहिल्या. धाकटा शेवटपर्यंत थांबला होता. चेनांची पोती त्यानं उचलून पिकअपमध्ये ठेवली, मोजून, आणि मला आकडा सांगितला: पाच जोड्या, एक सुटी.

रात्री १०.२०

उधन्याच्या पुलावरून घरी. गार वारा, खाली रुळांवर एक मालगाडी. हात सवयीनं ब्रेकवर होता, तो मी मुद्दाम उचलला आणि मोकळ्या रस्त्यावर थोडा वेळ तसाच चालवत राहिलो.

घरापाशी गाडी स्टँडवर लावली तेव्हा दिव्याच्या उजेडात दिसलं, माझ्या सळईला वरच्या बाजूला हातभर मांजा गुंडाळलेला. कुठल्या वळणावर लागला ते कळलंही नव्हतं. बोटानं ओढला असता तर कापलं असतं. वर जाऊन पकड आणली, दोरा तुकड्या-तुकड्यानं सोडवला आणि कागदात बांधून कचऱ्यात टाकला. सळईवर त्या जागी रंग खरवडून पातळ चकचकीत रेघ पडली होती.

बायकोनं वरून विचारलं, "जेवलात का वेळेवर?"

मोबाईल बघितला. काझा उणे २१.